पिवळ्या कागदाची पाठ

४ डिसेंबर

खट्... टण्.

आधी आखूड, मग लांबलेला. लघु आणि गुरू. आमच्या तपासणीगृहातल्या हातप्रेसचा हा आवाज. दांडा खाली ओढला की खट्. पत्र्याच्या पट्टीवर खूण उमटली, दांडा आपसूक वर गेला की टण्. शाळेत गुरुजी टेबलावर डस्टर आपटून कवितेचा ठेका धरत, तोच हा ठेका. एकतीस वर्षं मी त्या प्रेसवर बसून मनातल्या मनात कविता म्हटल्या. भुजंगप्रयाताच्या एका चरणात बरोबर चार शिक्के बसतात. आज पहाटे जाग येताना तो आवाज इतका स्वच्छ कानात आला, की उजवा हात पांघरुणातून बाहेर आला आणि खाली ओढला गेला.

विजेवर चालणारी कुठलीही वस्तू दुकानात जायच्या आधी तिचा नमुना आमच्याकडे यायचा. त्याला तापवायचं, भिजवायचं, आपटायचं. तगला तर मी खूण मारायचो. वर्तुळ, आत तीन रेघा, खाली परवान्याचा क्रमांक. माझ्या खुणेशिवाय साधी इस्त्री बाजारात पाऊल टाकू शकत नव्हती. निवृत्त झालो त्याला सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत मला कोणी एक प्रश्न विचारला नाही. म्हणजे ‘गोळ्या घेतल्या का’ सोडून.

आज विचारला. सूनबाई पाळणाघर काढते आहे. तिच्या कचेरीने तिचा अख्खा विभागच बंद केला. मुलगा जहाजावर, आठ महिने समुद्रात. समोरची मोठी खोली, सहा मुलं आणि आपली चिमणी, म्हणजे माझी दीड वर्षाची नात. परवान्यासाठी एक तक्ता भरून द्यायचा आहे: घरातली प्रत्येक विजेची वस्तू, तिच्यावरची खूण, क्रमांक, आणि खाली जाणकाराची सही.

“बाबा, घरातच तज्ज्ञ असताना बाहेरचा कशाला बोलवू?” ती म्हणाली, आणि ही वही दिली. “तपासाल ते यात लिहून ठेवा.”

इतक्या चांगल्या कागदावर मोबाइलचे चार्जर लिहायला मन होईना. ते पाठकोऱ्या कागदांवर लिहीन. इथे माझं.

६ डिसेंबर

सकाळपासून भिंग घेऊन बसलो आहे. घरात सतरा चार्जर निघाले. माणसं तीन, त्यातलं एक दीड वर्षाचं.

काय ही अवस्था! पूर्वी खूण पत्र्यात ठोकलेली असायची. बोट फिरवलं तर आंधळ्यालाही कळावी. आता करड्या प्लास्टिकवर करडी छपाई, तीही मुंगीने चालता चालता केल्यासारखी. एकावर अकरा खुणा. समारंभात मिळेल ती शाल अंगावर घेऊन बसलेल्या पाहुण्यासारखा दिसत होता. त्यातल्या चार खोट्या.

ती दोन गोलसर अक्षरांची खूण घ्या. पहिलं अक्षर पूर्ण वर्तुळ करून पाहिलं, तर ते दुसऱ्याच्या पाठीला आतून जाऊन भिडलं पाहिजे. म्हणून मध्ये ऐसपैस जागा राहते. नक्कल करणाऱ्याला वाटतं, जागा कशाला वाया घालवा? तो अक्षरं चिकटवतो. यतिभंग! कवितेत श्वास कुठे घ्यायचा हे ज्याला कळत नाही, त्याला खूण काय जमणार? कंपास लावून सगळे मोजले. सतरापैकी नऊ बाद.

बाळाच्या बाटल्या गरम करायच्या यंत्रावर चौकोनात चौकोन होता. याचा अर्थ, आत दुहेरी आवरण आहे, अर्थिंगची तार नको. आणि त्याच्या शेपटीला प्लग तीन पिनांचा! एका ओळीत जे म्हणायचं ते दुसऱ्या ओळीत खोडायचं. तेही बाद.

जेवताना सूनबाईला दोन ओळी ऐकवल्या, ताज्या:

खुणांना न वाचे तयाला न डोळे
विजेच्या घरी या किती लोक भोळे

“छान आहे,” ती म्हणाली. “पण बाबा, आता मी फोन कशावर चार्ज करू?”

७ डिसेंबर

बाद झालेला माल परत करायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदार तिशीतला. एका कानात काहीतरी अडकवलेलं. दुसऱ्या कानाने गिऱ्हाइकाचं ऐकतो.

“काका, एवढ्या खुणा आहेत की याच्यावर. अजून काय पाहिजे?”

“त्यातली एक सांग. ही कचरापेटीवर काट मारलेली. ही कशाची?”

त्याने विचार केला. खरंच केला, हे मान्य करतो. “म्हणजे कचऱ्यात टाकावी लागणार नाही. टिकाऊ माल.”

“अरे, मोडली की साध्या कचऱ्यात टाकू नका, वेगळी जमा करा, असा अर्थ आहे तो!”

“मग तेच झालं ना, काका. टाकू नका.”

मी घराच्या चित्राकडे बोट दाखवलं. फक्त छपराखाली वापरा, असं ते चित्र सांगतं. तो म्हणाला, “ते घरगुती. म्हणजे कसं, आईच्या हातचं असतं तसं.”

मी तिथल्या स्टुलावर बसलो. हसू की रडू कळेना. त्याने पाणी दिलं आणि नऊच्या नऊ चार्जर बदलून दिले, वर म्हणाला, “काका, रोज येत जा. टाइमपास होतो.”

माझं एकतीस वर्षांचं आयुष्य म्हणजे याचा टाइमपास.

१० डिसेंबर

थंडी वाढली. मुलांच्या खोलीत हीटर हवाच. सूनबाई नवा आणायला निघाली होती. मी तिला दारातून परत फिरवलं. माळ्यावर आपला हीटर आहे!

वायरमन घरात काम करत होता, त्याच्याकडून खाली काढून घेतला. जुन्या चादरीच्या चिंध्यांत गुंडाळलेला, वर सुतळीच्या सात गाठी. आमच्या हिनेच, चिमणीच्या आजीने, बांधून ठेवला होता एका वर्षी, मला न विचारता. आठवणी जपायची हिची ही तऱ्हा. हिला जाऊन सहा वर्षं झाली, गाठी अजून सुटेनात. शेवटी कात्री लावली.

आतून तो तसाच निघाला. मरून रंग, शिंपल्यासारखी पाठ, आणि बुडाला पितळी पट्टीवर माझी खूण. बोट फिरवलं. वर्तुळ, तीन रेघा, क्रमांक. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात याचा नमुना माझ्या टेबलावर आला होता. परवाना झाल्यावर पहिल्या खेपेतला एक मी हिच्यासाठी घरी आणला. हिच्या डोळ्यांत त्या तारेची लाल रेघ दिसली होती, ती अजून दिसते.

हीसुद्धा काय हौशी! हीटरचं बटण लावताना हातात चौपदरी रुमाल घ्यायची आणि पाय लाकडी फळीवर ठेवायची, जशी काही रंगमंचावर उभी आहे. इतकी नजाकत मी दुसऱ्या कोणत्या बाईत पाहिली नाही. “चावतो हो हा,” म्हणायची. हिला नवे बूटही चावायचे.

सूनबाईने हीटर खालून-वरून पाहिला. “बाबा, चाळीस वर्षांचा असेल हा.”

“बेचाळीस.”

“नवा घेते ना. त्यावरही खूण असते.”

“खरी?”

तिने हीटर खाली ठेवला. मग म्हणाली, “तुम्ही खूण बघता की वस्तू?”

मी म्हणालो, खूण खरी असली की वस्तू बघावी लागत नाही. खूण असते ती त्यासाठीच. तिने तक्ता माझ्यासमोर ठेवला. “बरं. तुम्ही म्हणताय म्हणून ठेवते. पण सही तुमची आहे हां. लोकांची मुलं आहेत.”

मी सही केली. खाली दोन ठिपक्यांसह, पूर्वी करायचो तशी.

११ डिसेंबर

हीटरमुळे जुन्या कागदांची पेटी उघडली आणि त्याच हिवाळ्यातली कविता सापडली!

तिच्या अंगणी ऊब यावी म्हणूनी
दिली आज मी वीज हाती धरोनी

एक मात्रा इकडची तिकडे नाही. अशा ओळी आता होत नाहीत.

कागद पिवळा, जाड. हे पिवळे कागद म्हणजे आमच्या नोंदविभागातल्या शंकोबाची देणगी. त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. दर महिन्याला तो एक यादी काढायचा: अमुक अमुक परवाने रद्द, या क्रमांकाच्या वस्तू वापरातून काढा. प्रत्येक टेबलावर एक प्रत. मी त्या याद्यांतलं एक अक्षर कधी वाचलं नाही, पण शंकोबाचं एक मानायला हवं. कागद उत्तम, आणि पाठ कोरी. माझ्या निम्म्या कविता त्याच्या शंकांच्या पाठीवर झाल्या आहेत.

या हीटरवरूनही त्याने तंटा केला होता. नमुना सात तास चालवायचा नियम. त्या संध्याकाळी गावातल्या वाचनालयात काव्यवाचन होतं, माझं नाव तिसरं होतं. मी तीन तास चालवला आणि खूण मारली. दुसऱ्या दिवशी शंकोबा उभा! “चौथ्या-पाचव्या तासाला तार सैल पडून लोंबते. पत्र्याला टेकली तर? सात तास का नाही चालवलास?”

मी म्हणालो, “पहिल्या चरणावरून वृत्त कळतं, शंकोबा. त्यासाठी अख्खी कविता वाचावी लागत नाही.”

सगळं तपासणीगृह हसलं. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही. कागद मात्र न चुकता ठेवायचा. गेला असेल एव्हाना. अशी माणसं काळजीनेच जातात.

कविता या पानावर खळीने पक्की चिकटवली आहे, कवितेची बाजू वर ठेवून. छापील बाजू आता कायमची खाली गेली. बरं झालं.

१३ डिसेंबर

परवाना कचेरीत सूनबाईबरोबर गेलो. खिडकीतल्या बाई तक्त्यातला एकेक क्रमांक मशीनमध्ये घालत होत्या. हीटरपाशी मशीन अडलं.

“आजोबा, हा नंबर इथे येत नाही.”

“येणार नाही. तुमच्या मशीनच्या जन्माआधीचा आहे.”

“मग खरा कशावरून?”

कशावरून! मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणालो, “कारण तो मी मारलाय.” मागच्या रांगेतलं कोणीतरी खुसखुसलं. सूनबाई जमिनीकडे बघत होती.

बाई म्हणाल्या, “जुन्या वह्या एका निवृत्त गृहस्थांकडे आहेत. अधूनमधून आम्ही त्यांना विचारतो. फोटो पाठवून बघते. कळेपर्यंत तात्पुरता परवाना देते, पाळणाघर सुरू करा.”

“खुशाल पाठवा. घरचा पत्ताही कळवा त्यांना. अभिनंदनाचं पत्र घालायचं असलं तर लागेल.”

त्यांनी खरोखर पत्ता लिहून घेतला. हल्ली लोकांना टोमणासुद्धा कळत नाही.

१४ डिसेंबर

परवाना कपाटाच्या दारावर लावला. सूनबाईने मुलांसाठी सात बुटक्या खुर्च्या आणल्या. एकीवर बसून पाहिलं. उठवायला तिला यावं लागलं.

१६ डिसेंबर

वायरमनने नवी पेटी बसवली आहे. कुठे वीज गळते असं तिला वाटलं की बटण आपोआप खाली पडतं. तिच्यावरच्या खुणा मी भिंग लावून पाहिल्या, कंपास लावून मोजल्या. सगळ्या बरोबर. हे मला जरा खटकलंच.

हीटर लावला की ती पेटी पडते. लगेच नाही, नीट तापू द्यायचा, खोली उबदार होऊ द्यायची, आणि मग फट्! घर अंधारात. आज तीनदा. खुणा बरोबर असल्या म्हणून काय झालं, जातच भित्री.

वायरमनला विचारलं. “काका, ती उगाच पडत नाही. हीटर बदला.”

“हीटरवर खूण आहे.”

“पेटीवर पण आहे.”

प्लगमध्ये पिना खुपसून पोट भरणारा माणूस हा. जाताना सांगून गेला, “मुलांच्या खोलीतला कोपऱ्यातला जुना प्लग अजून पेटीला जोडला नाही. पुढच्या आठवड्यात करतो. तोवर तो वापरू नका.”

संध्याकाळी हीटर त्या प्लगला लावला. दोन तास गेले, अडीच गेले. कुठे काही फट् नाही, काही नाही. मंद, लाल, शांत. हिच्याबरोबरचे हिवाळे आठवत बसलो. सूनबाईला प्लगचं सांगितलं नाही. तिला काळजीला निमित्तच लागतं.

बंद करताना बोटांना मुंग्या आल्या. क्षणभर मनात काहीतरी येऊन गेलं, काय ते नीट धरता आलं नाही. डॉक्टर म्हणतातच, या वयात नसा अशाच वागायच्या.

१८ डिसेंबर

आज एक गोड गोष्ट झाली, ती लिहिलीच पाहिजे.

चिमणी हीटरपाशी गेली, बोट लावलं आणि चटकन मागे सरली. रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “चाव. चाव.”

आजीचाच शब्द! आजीला तिने पाहिलंसुद्धा नाही. रक्तात शब्द उतरतात, हे मी नेहमी म्हणत आलो, कोणी ऐकत नाही. डोळे भरून आले. मी तिला उचललं आणि तो ठेका धरला, खट्-टण्, खट्-टण्. हसायला लागली.

सूनबाई आतून ओरडली, “काय चावलं तिला?”

“काही नाही गं. खेळते आहे.”

उद्यापासून मुलं यायची. नऊ वाजता. मी सातलाच हीटर लावून ठेवीन म्हणजे खोली उबदार होईल. सूनबाई रात्रीच्या जेवणानंतर सगळ्या खुर्च्या पुन्हा एकदा पुसत होती. म्हणाली, “बाबा, उद्या नीट पार पडलं ना, की मग काही चिंता नाही.” मी म्हणालो, माझी सही आहे ना खाली? मग झालं तर.

१९ डिसेंबर

सातला हीटर लावला. साडेआठपर्यंत खोली छान झाली. चिमणी स्टीलचा पेला घेऊन जमिनीवर आपटत होती, हीटरपासून दोन हातांवर. नळाच्या पाण्याने खोली नुकतीच पुसली होती. फरशी अजून ओली.

दारावरची घंटा वाजली. पहिलं मूल लवकर आलं असं वाटून मी स्वागताच्या दोन ओळी मनात जुळवत दार उघडलं.

दारात शंकोबा!

प्रथम ओळखलंच नाही. वाळून काडी झालेला, डोक्यावर लोकरी टोपी, काठीवर सगळा भार. तीन जिने चढून आल्यामुळे छाती भात्यासारखी. इतक्या वर्षांनी भेटलेला माणूस काय म्हणतो? कसा आहेस, ओळखलंस का, असं काहीतरी. माझ्या ओठांवर टोमणा तयार होता: काय शंकोबा, अजून शंका फिटली नाही?

तो बोलायची संधीच मिळाली नाही.

“चालू आहे?” त्याने विचारलं.

“काय?”

“अरे, हीटर! चालू आहे का?”

मागून सूनबाई आली. “कोण आहे, बाबा?”

त्याने माझ्या खांद्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि खोलीतल्या बुटक्या खुर्च्या, ओली फरशी, स्टीलचा पेला, सगळं एका नजरेत वाचलं. मला आयुष्यभर कुठलीच यादी इतक्या पटकन वाचता आली नाही.

“पोरी, आधी लेकराला उचल. हीटरला हात लावू नकोस, प्लगलाही नको. घराचा मेन बंद कर.”

तिने मला एक शब्द विचारला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. चिमणीला कडेवर घेऊन ती आत धावली, आणि आतून मेन पडल्याचा आवाज आला.

खट्.

टण् आलाच नाही. मी वाट पाहत उभा राहिलो, पण नुसती शांतता. फ्रिजची घरघर थांबली, लाल तार हळूहळू काळी पडत गेली. काळी पडताना ती कुठे लोंबते आहे आणि कुठे टेकली आहे, हे दारातूनसुद्धा दिसत होतं.

शंकोबा चौकटीला टेकला. “नवीन पत्ता माहीत नव्हता तुझा,” तो धापा टाकत म्हणाला. “काल रात्री त्या बाईंनी फोटो पाठवला, तेव्हा कळला. पहिल्या गाडीने आलो. तेव्हा प्रत्येक टेबलावर ठेवली होती मी ही यादी. तुझ्या तर हातात दिली होती.”

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून चार घड्यांचा एक पिवळा कागद काढून माझ्यासमोर धरला. मी उलगडला, आणि सवयीने आधी मागची बाजू पाहिली.

पाठ कोरी होती.

मग तो सुलटा केला.